‘वर बेतलेली’ की ‘साठी बेतलेली’?

प्रश्न
एका घरगुती मैफलीचं पत्रक मराठीत तयार करते आहे. गायिका शोपँ या पोलिश संगीतकाराच्या माझुर्का गाणार आहे. मुळात या पोलिश नाचाच्या लयीतल्या पियानोच्या रचना. पोलीन व्हियार्दो (१८२१–१९१०) या गायिकेने त्यांतल्या काही गळ्यात उतरवल्या आणि लुई पोमे यांनी त्यांना फ्रेंच शब्द दिले. या क्रियेला मराठीत काय म्हणायचं? ‘रूपांतर’ लिहिलं, पण ते नाटकाचं वाटतं. आणि या गाण्यांना ‘भावगीत’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद
‘संगीत संयोजन’ मात्र लिहू नका. आपल्याकडे संयोजक म्हणजे तयार चालीभोवती व्हायोलिन, बासरी, ताल यांची मांडणी करणारा. एका वाद्याची रचना दुसऱ्यासाठी किंवा गळ्यासाठी उतरवण्याला इंग्रजीत ‘ट्रान्सक्रिप्शन’ म्हणतात, त्यासाठी ‘स्वरलेखन’ही नको, कारण ते ऐकलेलं कागदावर उतरवणं झालं.

प्रतिसाद
‘भावगीत’ नको असं माझं मत. भावगीत म्हटलं की आधी कविता, मग चाल असंच मनात येतं. संगीतकार शूबर्टची गाणीही तशीच, कवितेवर रचलेली. इथे चाल आधीची आहे, शब्द मागून आले. आपल्याकडे याला जवळची गोष्ट म्हणजे संगीत नाटकातलं पद. ‘सौभद्र’च्या (१८८२) पदांवर ‘चाल’ म्हणून आधीच्या गाण्याचा उल्लेख छापलेला असे आणि शब्द त्या मापाने लिहिलेले असत. पण ‘पद’ शब्दाला रंगभूमी चिकटली आहे, म्हणून नुसतं ‘गाणी’ म्हणा.

प्रतिसाद
क्रियापद म्हणून ‘बेतणे’ घ्या. शिंपी अंगाचं माप घेऊन कापड बेततो, तेच व्हियार्दोने केलं. पियानोच्या सुरावटीला श्वास लागत नाही, गळ्याला लागतो. बोटं एका उडीत सप्तक ओलांडतात, गळ्याला तिथे वाट शोधावी लागते. आणि काही ठिकाणी तिने गळ्याला शोभतील अशा, तालातून सुटलेल्या स्वरावळी स्वतःच्या घातल्या. ती पियानोवादक आणि संगीतकार लिझ्टकडे पियानो शिकली होती, त्यामुळे दोन्ही बाजूंचं माप तिला ठाऊक होतं.

प्रश्नकर्ती
‘बेतलेलं’ म्हणजे ‘सत्यघटनेवर बेतलेला चित्रपट’ असं नाही का वाटणार? सैलसा आधार घेतलेला?

प्रतिसाद
हा फरक शब्दयोगी अव्ययाचा आहे. ‘माझुर्कावर बेतलेलं गाणं’ म्हटलं की आधार तेवढा तिचा, पुढे काहीही होऊ शकतं. ‘गळ्यासाठी बेतलेली माझुर्का’ म्हटलं की वस्तू तीच राहते, माप बदलतं. शिवाय ‘साठी’ उलट दिशेनेही चालतं. शोपँने पोलिश कवितांवर गाणीही रचली होती. त्यांतली सहा लिझ्टने पियानोसाठी बेतली. दोन्हीकडे क्रियापद एकच.

प्रतिसाद
शब्द चांगला आहे, पण मुळात हे करावं का? संगीतकार मेंडेल्सोनने पियानोच्या छोट्या रचनांना ‘शब्दांविण गीते’ असं नाव दिलं. १८४२ मध्ये कुणीतरी त्यांचे अर्थ विचारले, तेव्हा त्याने कळवलं की संगीतातले विचार शब्दांत मांडता येत नाहीत ते धूसर असतात म्हणून नव्हे, फार नेमके असतात म्हणून. मला ते मनापासून पटतं. तिसऱ्या मात्रेवर रेंगाळणारा तो माझुर्काचा आघात शब्द आले की बोथट होतो.

प्रतिसाद
शोपँच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. तो शिष्यांना सांगायचा की मोठे गायक ऐका, पियानोवर गायला शिका. आपल्या भाषेत बोलायचं तर त्याच्या वादनात गायकी अंग होतं. गळ्यातून बोटांत गेलेलं व्हियार्दोने परत गळ्यात आणलं. १८४८ मध्ये लंडनला तिने या माझुर्का जाहीरपणे गायल्या, तेव्हा शोपँ त्याच शहरात होता. आघाताचं म्हणाल तर ते गाणारीच्या हातात आहे. जोडाक्षर कुठे पडतं, स्वर कुठे लांबतो, त्यावर तो टिकतो किंवा जातो.

प्रश्नकर्ती
मग पत्रकात हे छापते: ‘शोपँच्या माझुर्का. गळ्यासाठी बेतणारी : पोलीन व्हियार्दो. शब्द : लुई पोमे.’ ‘गळा’ पत्रकात उघडावाघडा वाटेल म्हणून आधी ‘कंठ’ लिहिलं होतं, ते खोडलं. बेतण्याशेजारी गळाच हवा.