शाळा सुटल्यापासून आईवडील घरी येईपर्यंत: मुलांच्या दुपारचे काय करावे?

प्रश्न: मांजलपूरची आई (बडोदा)

नमस्कार. आमचा मुलगा सहावीत आणि मुलगी तिसरीत आहे. शाळा सकाळपाळीची असल्यामुळे दोघेही एक वाजेपर्यंत घरी येतात. मी आणि यजमान मात्र नोकरीवरून सातच्या सुमारास परततो. घरी सासूबाई असतात, परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना मुलांमागे फिरणे जमत नाही आणि जेवण झाले की मोबाइल व टीव्ही यांतच संध्याकाळ होते. शेजारी सगळे ट्यूशन लावण्याचा सल्ला देतात. अभ्यासात दोघेही मागे नाहीत, मग शाळेनंतर पुन्हा शाळाच कशासाठी? व्यायामशाळा, संगीत, ग्रंथालय अशा ठिकाणी नियमित पाठवल्याने खरोखर फरक पडतो का, की मुले केवळ गुंतून राहतात? शिवाय ने-आण करण्याचा भार सोसण्याइतका त्यात लाभ आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: दांडिया बाजारकर

ताई, हा प्रश्न बडोद्यात विचारला जावा याचे मला थोडे नवल वाटले, कारण ज्याला आज ‘आफ्टर स्कूल’ म्हणतात ते या शहरात फार जुने आहे. जुम्मादादांची व्यायामशाळा १८८० पासूनची असून पुढे त्यांचे शिष्य माणिकराव यांनी ती नावारूपाला आणली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली, तिचेच रूप आज विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स शाखेत दिसते. १९१० नंतर महाराजांनी संस्थानभर ग्रंथालये उभी केली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकेही मिळतात, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

लाभाविषयी विचाराल, तर मल्लखांबाचेच पाहा. तिथे इयत्ता नसते. आठ वर्षांचा मुलगा आणि पंधरा वर्षांचा मुलगा एकाच खांबापाशी उभे असतात, धाकटा चढत असताना थोरला त्याला आधार द्यायला थांबतो आणि उस्ताद दोघांनाही एकाच शिस्तीत वागवतात. वर्गात सगळे एकाच वयाचे असल्यामुळे धाकट्याची जबाबदारी घेण्याची सवय मुलांना लागत नाही; आता घरात चुलत भावंडेही राहिलेली नाहीत. पडण्याची भीती जाऊन पडावे कसे हे कळते, ही बाब वेगळीच. मुलीसाठी दोरीचा मल्लखांब उत्तम. ट्यूशनमध्ये मुलाला गुण मिळतील, पण संध्याकाळी भूक कडकडून लागणार नाही!

उत्तर: निवृत्त शिक्षिका, कारेलीबाग

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र ‘कुठेही पाठवले तरी चालेल’ असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. अमेरिकेत या विषयावर बराच अभ्यास झाला आहे, कारण तेथे शाळेच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे शाळा सुटल्यावर आणि पालक कामावर असताना, अल्पवयीन मुलांच्या हातून होणाऱ्या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण सर्वाधिक असल्याचे आढळले होते. डुर्लाक, वाइसबर्ग आणि पॅचन या संशोधकांनी २०१० मध्ये शाळेनंतरच्या उपक्रमांच्या ६८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मुलांचा आत्मविश्वास, वर्तन आणि शालेय प्रगती यांत सुधारणा दिसली, परंतु ती ज्या उपक्रमांत कौशल्ये पायरीपायरीने शिकवली जात, मुले स्वतः करून शिकत, त्यासाठी ठरावीक वेळ राखलेला असे आणि काय शिकायचे आहे हे स्पष्ट असे, अशांतच. जिथे हे सगळे नव्हते, तिथे असा लाभ आढळला नाही. तेथील परिस्थिती आपल्यासारखी नाही हे खरे, तरीही जागा पारखण्यासाठी ही कसोटी आपल्यालाही उपयोगी पडते.

म्हणून नाव घालण्यापूर्वी दोन दिवस जाऊन बसा. शिकवणारे मुलांना नावाने हाक मारतात का, नव्या मुलाला काय करायचे ते कोणी सांगते का, आणि मुख्य म्हणजे पालकांना केव्हाही येऊन पाहण्याची मुभा आहे का, हे पाहा. ज्या ठिकाणी दार बंद करून शिकवतात तिथे, नाव कितीही मोठे असले तरी, मुले पाठवू नयेत.

आणखी एक विनंती अशी, की सोमवारी गायन, मंगळवारी चित्रकला, बुधवारी स्केटिंग असा बाजार भरवू नये. एकच गोष्ट निवडावी आणि निदान दोन वर्षे ती सोडू नये. एका दुपारी मुलांना काहीही न करण्याची मोकळीक असावी.

उत्तर: गोत्रीचे बाबा

ने-आणीविषयी थोडेसे. आमच्या सोसायटीतील काही कुटुंबांनी मिळून एक रिक्षा ठरवली आहे आणि दर आठवड्याला एक पालक पाळीने सोबत जातो. खर्च वाटला जातो, हा त्यातला लहान लाभ. मोठा लाभ असा, की ऑफिसमध्ये चार वाजल्यापासून घरी फोन करत राहण्याची माझ्या पत्नीची धास्ती संपली आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकताच मोबाइलवरून होणारे भांडणही जवळजवळ थांबले. आजींना दुपारी विश्रांती मिळते, तीही कुटुंबाच्या जमाखर्चात धरायला हवी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाला व्यायामशाळेत घालावे असे आता वाटू लागले आहे. एकच शंका उरते: आमच्या ओळखीतील बहुतेक मुलांचे नववीत सगळे बंद होते. मग दोन-तीन वर्षांसाठी सुरू करण्यात अर्थ आहे का?

उत्तर: निवृत्त शिक्षिका, कारेलीबाग

नववीत बंद करावेच लागते, हा आपल्याकडचा रिवाज आहे, नियम नव्हे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे चांगला व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्यात बोर्डाच्या वर्षाला सूट दिलेली नाही. दहावीत रोजचे जाणे आठवड्यातून तीन दिवसांवर आणता येते. उस्तादांना तसे आधीच सांगून ठेवले, तर तेही वेळ जुळवून देतात. मुलीसाठी मात्र आताच ठरवू नका, भावाबरोबर आठवडाभर तिला जाऊ द्या आणि तिला खांब आवडतो की दोरी, की तिसरेच काही, ते तिलाच सांगू द्या.