पक्षांतरबंदी : कायदा काढायचा की चौथा परिच्छेद?

अलिप्त : पक्षांतरबंदी आणणारी १९८५ची ५२वी घटनादुरुस्ती रद्दच करावी. तिने घटनेत घातलेल्या दहाव्या परिशिष्टाने फुटाफुटी थांबली नाही, उलट व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, निघाला की आमदाराचं तोंड बंद. मतदारसंघासाठी विरोधात मत दिलं तर आमदारकी जाते.

मांडवीकाठ : राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या गोव्यात जुलै २०१९मध्ये काँग्रेसचे १५पैकी १० आमदार भाजपात गेले, सप्टेंबर २०२२मध्ये ११पैकी ८. दोन्हीदा दोन-तृतीयांश भरले, म्हणून परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदातली विलीनीकरणाची सूट. एकटा गेला तर अपात्र, टोळीने गेले तर विलीनीकरण! एक-तृतीयांश फुटले तर चालायचं, ती पळवाट २००३मध्ये बुजवली, तशी हीही बुजवा. कायदाच काढलात तर एकेकटेही मोकाट सुटतील.
२०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेस उमेदवारांनी देऊळ, चर्च, दर्ग्यात एकनिष्ठेची शपथ घेतली. आईने टीव्हीसमोर हात जोडले. गुडघे धरून मतदानाला गेली. सात महिन्यांत तिचं मत पलीकडे.

जुना कार्यकर्ता : शपथ घालणाऱ्यांचंच चुकलं. राजकारणात देव कशाला?

मांडवीकाठ : देवापुढे दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. आईच्या श्रद्धेवर घसरू नका!

जुना कार्यकर्ता : आईंना काही म्हटलेलं नाही, उगाच तोंडी शब्द घालू नका. वीस वर्षं सतरंज्या उचलल्यात मी. नेता गेला त्या रात्री फोन आला, "उद्या नवं उपरणं घालून ये." गेलो नाही. जुनं अजून खुंटीला आहे. शपथा नकोत, पक्ष सोडला की पोटनिवडणूक लावा.

कोर्टाची पायरी : शपथेवरून किती भांडाल? खरं दुखणं अपात्रता ठरवणाऱ्या विधानसभा अध्यक्षांकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये मणिपूरच्या प्रकरणात अशा निकालासाठी साधारण तीन महिन्यांची मुदत सांगितली. शिवसेनेतली फूट जून २०२२ची, अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४चा, आणि अपात्र कुणीच नाही. माझ्या अशिलांनाही तारखाच मिळतात, पण तोवर त्यांना मंत्रिपद मिळत नाही.

अलिप्त : बरं, चौथा परिच्छेद जाऊ दे, एवढं मान्य. पण व्हिप विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरताच हवा. यावर मी हटणार नाही.

मांडवीकाठ : व्हिपचं पटतंय. मग वरची 'रद्दच करावी' ही ओळ आधी बदला.