शब्दचर्चा : बेसबॉलमधल्या ‘जर्नीमन’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न
क्रीडा पुरवणीसाठी एडविन जॅक्सन या अमेरिकन बेसबॉल पिचरवर (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर) लेख लिहितेय. त्याच्याविषयी जे जे वाचलं त्यात त्याला ‘जर्नीमन’ म्हटलंय, म्हणजे या संघातून त्या संघात फिरत राहिलेला खेळाडू. ‘भटका खेळाडू’ म्हटलं की पुढे कुत्रा आठवतो, ‘प्रवासी’ म्हटलं की एसटी. काही सुचतंय का?

प्रतिसाद
‘प्रवासी’ तर नकोच. या ‘जर्नी’चं मूळ फ्रेंच ‘जुर्ने’त आहे, म्हणजे एक दिवस, दिवसभराचं काम. युरोपातल्या कारागिरांच्या संघांत आधी शिकाऊ, मग जर्नीमन, मग उस्ताद अशी चढण असे. जर्नीमनचा हात तयार झालेला असायचा, पण दुकान दुसऱ्याचं. थोडक्यात, रोजावरचा कारागीर.

जर्मनीत मात्र शिकणं संपलं की तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत हिंडायची रीत होती. आजही काही सुतार काळा पोशाख करून निघतात. त्यामुळे फिरण्याचा अर्थ अगदीच उपरा नाही. जॅक्सनचा जन्मही जर्मनीतला, नॉय-उल्मचा. वडील अमेरिकन सैन्यात होते. अर्थात हा निव्वळ योगायोग!

प्रतिसाद
ज्याने शिकागो कब्जशी चार वर्षांसाठी 5 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला, त्याला ‘रोजंदार’ कसं म्हणणार? वाचक हसतील. सरळ ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ म्हणा. नाहीतर ‘आयाराम-गयाराम’.

प्रतिसाद
आयाराम-गयाराम अजिबात नको. पक्ष बदलणारा आपल्या पायाने, आपल्या फायद्यासाठी जातो. जॅक्सनला अनेकदा कुणीतरी पाठवलंय.

9 सप्टेंबर 2003 ला, विसाव्या वाढदिवशी, तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पहिल्यांदा उतरला आणि समोर रँडी जॉन्सनसारखा दादा पिचर असताना सामना जिंकला. सुरुवात अशी झाली म्हटल्यावर हा जन्मभर डॉजर्समध्येच राहणार असं वाटलं असेल. 2006 मध्ये टॅम्पा बेला रवानगी झाली. तिथून डेट्रॉइट, तिथून ॲरिझोना. 25 जून 2010 ला ॲरिझोनाकडून खेळताना त्याने टॅम्पा बेविरुद्ध, म्हणजे जुन्याच संघाविरुद्ध आणि त्यांच्याच मैदानावर, नो-हिटर टाकला. अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही, म्हणजे फटका मारून कुणी बेस गाठला नाही. पण कसा? 149 चेंडू, आठ वॉक (दिशा चुकलेल्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस), त्यातले सात पहिल्या तीन डावांतच. तिसऱ्या डावात एकही गडी बाद नसताना तिन्ही बेस भरलेले होते. तरी धाव दिली नाही आणि ॲरिझोना 1-0 ने जिंकलं. मला विचाराल तर जॅक्सन समजून घ्यायला हा एक सामना पुरे. ताकद अफाट, दिशेचा भरवसा नाही. एवढं करून पाच आठवड्यांत त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन टाकलं!

पुढच्या वर्षी 27 जुलैला व्हाइट सॉक्सने त्याला टोरांटोला दिलं आणि टोरांटोने त्याच दिवशी सेंट लुईसला. सेंट लुईसने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली, म्हणजे पदरात विजेतेपदही पडलं. टोरांटोकडून तो प्रत्यक्ष खेळला थेट 2019 मध्ये आणि तो त्याचा चौदावा संघ ठरला.

विचारणारी
पण त्याची संमती लागत नाही का?

वरचाच प्रतिसाद पुढे
मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, साधारण सहा वर्षांची सेवा होईपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात असतो. नंतर करार संपला की मोकळा. पण करार चालू असताना ‘नाही जात’ म्हणण्याचा हक्क नियमाने मिळवायचा तर एकूण दहा वर्षं सेवा हवी आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात. जॅक्सन 17 हंगाम खेळला, पण एकाही संघात पाच वर्षं टिकला नाही. ज्याला हा हक्क सगळ्यांत जास्त हवा, त्यालाच तो मिळू नये अशी ही मेख आहे.

म्हणून मला मराठेशाहीतली जोडी आठवते. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा. पहिली सहा वर्षं बारगीर, पुढे शिलेदार. ‘चौदा संघांचा शिलेदार’ कसं वाटतं?

प्रतिसाद
ऐकायला झकास, पण आजचं वर्तमानपत्र उघडा. ‘अमुक साहेबांचे विश्वासू शिलेदार’! वर्षानुवर्षं एकाच नेत्याला चिकटलेला माणूस, असा अर्थ झालाय त्याचा. वाचकाला नेमकं उलटं कळेल.

विचारणारी
आणि ‘सुमार’ ही छटा? शब्दकोशात ‘भरवशाचा पण असामान्य नाही’ असा अर्थ दिसतो.

प्रतिसाद
छटा आहे, पण ‘सुमार’ फार झालं. 2009 मध्ये तो ऑल-स्टार होता, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंत. बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय एका पिचरच्या नावावर लागतो; 2013 मध्ये कब्जकडून खेळताना 18 पराभव त्याच्या नावावर लागले. पूर्ण कारकिर्दीत 107 विजय, 133 पराभव. 2018 मध्ये, सगळ्यांनी नाद सोडल्यावर, ओकलंडला जाऊन सहा जिंकला, तीन हरला. सुमार खेळाडूला चौदा दारं उघडत नाहीत. संघात कुणाचा खांदा दुखावला की ज्याला फोन जातो, तो हा.

मी ‘कसबी’ सुचवीन. ‘फिरता कसबी पिचर’. कसब आलं, दुकान नसणं आलं. फक्त महिला खेळाडूवर लिहाल तेव्हा जपून, स्त्रीलिंगी ‘कसबीण’ला मराठीत भलताच अर्थ आहे!

विचारणारी
मग मथळ्यात ‘चौदा संघांचा पिचर’, मजकुरात एकदा ‘जर्नीमन’ उलगडून सांगते आणि पुढे ‘फिरता कसबी’. ‘बारा गावचं पाणी’ घेत नाही, त्यात बेरकीपणा येतो आणि हा माणूस बेरकी वाटत नाही.

प्रतिसाद
चालेल. फक्त चौदा संघांचा विक्रम त्याच्या एकट्याचा असं लिहू नका. जुलै 2025 मध्ये रिच हिल कॅन्सस सिटी रॉयल्सकडून उतरला, तो त्याचाही चौदावा संघ. वय 45.