मदत हवी आहे: बॉडीबिल्डिंगच्या व्यायामावरून पॉवरलिफ्टिंगच्या पहिल्या स्पर्धेकडे, १६ आठवड्यांत काय बदलावं?

नवालिफ्टर

सध्याचा व्यायाम पूर्ण बॉडीबिल्डिंगच्या पद्धतीचा आहे. आठवड्याचे ५ दिवस, एका दिवशी शरीराचा एकच भाग, एका सेटमध्ये (फेरीत) सलग ८ ते १२ रेप्स (वेळा), शेवटचा सेट फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढची रेप निघेनाशी होईपर्यंत. वजन ७३ किलो. स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बसून उठणं) १०० किलो ८ रेप्स, बेंच (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) ७० किलो ८ रेप्स, डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं) स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला बांधून बारला गुंडाळायचे पट्टे, लावून १२० किलो ६ रेप्स. १६ आठवड्यांनी आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ) नियमांनी होणारी, याच तीन लिफ्ट्सची क्लासिक स्पर्धा आहे, म्हणजे वजन उचलायला मदत करणारा खास घट्ट पोशाख वगैरे नाही.

१. रेप्स कमी करून वजन वाढवलं की पुरतं, की सगळी आखणीच वेगळी लागते?
२. लॅटरल रेज, कर्ल, लेग एक्स्टेन्शन असे एकेका स्नायूचे व्यायाम बंद करायचे का? कमावलेलं मांस उतरेल अशी भीती वाटते.
३. जिममध्ये सगळे बॉडीबिल्डिंगवाले आहेत. स्पर्धेचे नियम आणि रीत यातलं आधी काय ठाऊक असावं?

पांढरे दिवे

आखणीच वेगळी लागते. बॉडीबिल्डिंगमध्ये बार हे साधन असतं. ठरलेल्या स्नायूवर ताण यावा म्हणून वजन मुद्दाम हळू खाली आणायचं, बाकीच्या शरीराची मदत कमी करायची. पॉवरलिफ्टिंगमध्ये नेमकं उलट. तेच वजन पाय, पाठ, कंबर, छाती सगळ्यांनी मिळून, कमीत कमी अंतरातून कसं उचलता येईल हे शिकायचं. म्हणून बेंचला पाठीची कमान आणि खांद्याची पाती मागे-खाली आवळलेली, म्हणून बऱ्याच जणांचा स्क्वॉटचा बार मानेजवळ न राहता दोन-तीन बोटं खाली, मागच्या खांद्यांवर. हे कसब आहे आणि आठवड्यातून एकदा करून येत नाही. स्क्वॉट आठवड्यातून २ वेळा, बेंच ३ वेळा, डेडलिफ्ट १ ते २ वेळा असं वाटून घ्या. ४ दिवसांत आरामात बसतं.

एकाच रेपला जास्तीत जास्त किती वजन निघेल याचं सूत्र तुमच्या आकड्यांना लावलं तर स्क्वॉट १२५ किलोच्या, बेंच ८८ च्या, डेडलिफ्ट १४४ च्या आसपास येतं. हे आकडे खरे धरू नका. कमी रेप्सची सवय नसताना सूत्र नेहमी जास्त दाखवतं, शिवाय तुमचं बेंच बार छातीवर न थांबवता आणि डेडलिफ्ट स्ट्रॅपवर आहे. पुढची टक्केवारी ११५, ८० आणि १३० किलो म्हणजे १०० टक्के असं धरून काढा.

पहिले ६ आठवडे ७० ते ७७ टक्के, ५-६ रेप्स, मुख्य व्यायामाचे ४-५ सेट. पुढचे ६ आठवडे ७८ ते ८५ टक्के, ३-४ रेप्स. मग ३ आठवडे ८५ ते ९३ टक्के, १ ते ३ रेप्स, सेट कमी. शेवटचा आठवडा हलका. शेवटचं जड डेडलिफ्ट स्पर्धेच्या १०-१२ दिवस आधी, स्क्वॉट ७-९ दिवस आधी, बेंच ५-७ दिवस आधी. जड सेटमध्ये ३ ते ५ मिनिटं विश्रांती. धाप उतरली म्हणून लगेच बारखाली जाऊ नका.

सगळ्यात आधी सोडायची सवय म्हणजे फेल्युअर. कर्लमध्ये ते चालतं. स्क्वॉट-डेडलिफ्टमध्ये शेवटच्या ओढूनताणून रेपला कंबर आधी वर येते, पाठ गोल होते, आणि शरीर तीच चुकीची हालचाल पाठ करतं. त्याचा थकवाही पुढच्या दोन दिवसांचा व्यायाम खातो. आणखी २ रेप्स निघाल्या असत्या असं वाटेल तिथे सेट संपवा. दर आठवड्याला मॅक्स तपासण्याची हौसही नको.

मागचा खांदा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बॉडीबिल्डिंगच्या बाजूने देतो. बंद करू नका, कमी करा. मांस टिकवायला वाढवण्याइतकं काम लागत नाही. वाढवायला एका स्नायूला आठवड्याला १० ते २० सेट धरतात, टिकवायला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानेही भागतं, फक्त सेट मनापासून झाले पाहिजेत.

छाती, मांड्या, पाठ यांना मुख्य व्यायामांतूनच भरपूर काम मिळेल. खरी उपेक्षा होते ती बाजूच्या आणि मागच्या खांद्यांची, हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूंची), पोटऱ्यांची आणि बायसेप्सची. लॅटरल रेज ४ सेट, फेस पुल ४ सेट, लेग कर्ल ४ सेट, कर्ल ४ सेट, तेही आठवडाभरात वाटून. लेग एक्स्टेन्शन तूर्त गाळलं तरी बिघडत नाही. रोइंग (वजन पोटाकडे ओढायचा पाठीचा व्यायाम) मात्र गाळू नका. बेंच ३ वेळा होणार असेल तर पाठीचे सेट बेंचच्या सेटइतके तरी हवेत, नाहीतर खांद्याची पुढची बाजू कुरकुरायला लागते. शेवटच्या ३ आठवड्यांत हेही निम्म्यावर आणा.

खाणं तोडू नका. बॉडीबिल्डर स्टेजसाठी चरबी उतरवतो तेव्हा ताकद घटणार हे गृहीत धरतो. तिथे स्नायूंचा आकार, प्रमाण आणि रेखीवपणा बघतात, उचललेलं वजन कोणी विचारत नाही. तुम्हाला ते परवडणार नाही. ७३ किलोला रोज ११५ ते १६० ग्रॅम प्रथिनं, आणि वजन आहे तिथेच ठेवा. ७४ च्या गटात तुम्ही आपोआप बसता.

या दोन वाटा एकमेकींच्या वैरी नाहीत. फ्रँको कोलंबू आणि रॉनी कोलमन दोघेही पॉवरलिफ्टिंग केलेले, आणि दोघेही मिस्टर ऑलिम्पिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगच्या सगळ्यात मोठ्या किताबाचे मानकरी झाले, कोलमन तर १९९८ ते २००५ सलग ८ वेळा.

नवालिफ्टर

खूप आभार. बेंचचा थांबा किती सेकंदांचा? आणि स्ट्रॅपशिवाय पकड सुटते, त्याचं काय करू?

पांढरे दिवे

सेकंद ठरलेले नाहीत. बार छातीवर पूर्ण स्थिर झाला की पंच 'प्रेस' म्हणतात. सरावात जोडीदाराला म्हणायला लावा, मनातल्या मनात मोजलं तर घाई होते. थांब्यात हमखास होणारी चूक म्हणजे बार छातीत रुतवून अंग सैल सोडणं. बार फक्त टेकवायचा, पाय जमिनीत रेटलेले, श्वास आत कोंडलेला. पाऊल पूर्ण टेकलेलं हवं, नितंब बाकावरून उचलले की लिफ्ट बाद. बारवरच्या ८१ सेंटिमीटरच्या खुणांबाहेर तर्जनी जाता कामा नये. कमान फार मोठी असेल तर २०२३ पासूनचा नियमही बघा: कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीपर्यंत तरी उतरली पाहिजे.

पंचांच्या आज्ञा स्क्वॉटला 'स्क्वॉट' (सुरू करा) आणि 'रॅक' (बार परत ठेवा), डेडलिफ्टला फक्त 'डाउन' (खाली ठेवा). आज्ञेआधी बार ठेवला तर उचललेलं वजन मोजत नाहीत. स्क्वॉटची खोली म्हणजे जांघेची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, बरोबर बाजूला ठेवून चित्रण करा. वरून घेतलं तर खोली नीट कळत नाही.

पकडीसाठी आजपासून वॉर्मअप आणि जड सेट खडू लावून, स्ट्रॅपशिवाय. स्ट्रॅप हवेच असतील तर शेवटच्या हलक्या सेटला. एक तळवा आत, एक बाहेर अशी मिश्र पकड घेतलीत तर बाहेर वळलेल्या हाताचं कोपर सरळ राहू द्या. वाकवून ओढलं तर बायसेप्सचा स्नायुबंध फाटू शकतो.

वातावरणाची भीती नको. बॉडीबिल्डिंगमध्ये स्टेजवर सगळे शेजारी उभे राहतात आणि तुलना होते. इथे एकेक जण येतो, आणि प्रतिस्पर्धीही ओरडून जोर देतात. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले की लिफ्ट मान्य. प्रत्येक लिफ्टला ३ संधी, तीनही हुकल्या तर तिन्ही लिफ्ट्सची एकूण बेरीजच होत नाही. म्हणून पहिलं वजन तेच लिहा, जे थकलेल्या दिवशीही सरावात ३ वेळा निघतं. सरावात १२० चा स्क्वॉट निघत असेल तर ११०, ११५ आणि मग १२० किंवा १२२.५. हुकल्यावर वजन कमी करता येत नाही, आणि पुढचा आकडा एका मिनिटात द्यावा लागतो. तिन्ही आकडे आधीच कागदावर लिहून न्या, सोबतच्या माणसाकडेही एक प्रत द्या.