फ्लिंडर्सला आपण जरा जास्तच डोक्यावर घेतोय का?

यारावासी : मेलबर्नमध्ये रस्ता, स्टेशन, पुतळा, सगळीकडे मॅथ्यू फ्लिंडर्स, ऑस्ट्रेलियाचे किनारे आखणारा इंग्रज दर्यावर्दी. लंडनला यूस्टनजवळ २०१९ मध्ये सापडलेले त्याचे अवशेष २०२४ च्या जुलैत त्याच्या गावी, डॉनिंग्टनला पुन्हा पुरले. माझ्या मते हा मान रास्तच आहे. कॅप्टन कुकने पूर्व किनारा आखला, याने १८०२-०३ मध्ये अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घातला, आणि जहाजाच्या फळ्या तर कुजलेल्या! जहाजावरच्या लोखंडाने होकायंत्र कसं चुकतं हेही त्याने प्रयोगांनी दाखवलं. त्यावरचा उपाय म्हणून होकायंत्राजवळ लावतात त्या लोखंडी कांबेला आजही 'फ्लिंडर्स बार' म्हणतात.

खारं_पाणी : वळसा घातला म्हणजे नकाशा झाला असं नाही हो. कार्पेंटारियाच्या आखातात फळ्यांची अवस्था कळली आणि पुढे बारकाईचं काम सोडावं लागलं. वायव्य किनारा राहिलाच. शिवाय ऑस्ट्रेलियाचा पहिला संपूर्ण छापील नकाशा फ्रेंच फ्रेसिनेचा, १८११ चा.

यारावासी : कारण तोवर फ्लिंडर्सला फ्रेंचांनी मॉरिशसला साडेसहा वर्षं अडकवून ठेवलं होतं! त्याचा ग्रंथ आला १८१४ त, आणि त्याच सुमारास तो गेला. चाळिशीत.

खारं_पाणी : अडकला तो काही अंशी स्वतःच्या ताठ्यामुळे. फ्रेंचांचा परवाना त्याच्या आधीच्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजाच्या नावाचा, हा आला 'कंबरलँड'मधून. सोबत सिडनीच्या गव्हर्नरचे सरकारी लखोटे. त्यातून मॉरिशसचा फ्रेंच गव्हर्नर दकाँने जेवायला बोलावलं तर साहेबांनी नकार दिला. इंग्रज-फ्रेंच युद्ध सुरू असताना एवढा तोरा?

सुकटबोंबील : तुम्ही दोघं गोऱ्यांचाच हिशेब मांडताय. बंगारी कुठे गेला? सिडनीकडचा हा आदिवासी त्या फेरीत जहाजावर होता. अनोळखी किनाऱ्यावर माणसं दिसली की पुढे जायचा तोच, तिथली भाषा येत नसतानाही. आणि १८०३ च्या फेब्रुवारीत उत्तर किनाऱ्यावर फ्लिंडर्सला कोण भेटलं? समुद्रकाकडी (हा एक समुद्री जीव) गोळा करायला आलेला, आजच्या इंडोनेशियातल्या मकासरचा तांडेल पोबासू, सहा गलबतं घेऊन. वीस वर्षांत त्याच्या सहा-सात खेपा झाल्या होत्या. मग शोध कुणी लावला?

यारावासी : पण हे आपल्याला कळलं फ्लिंडर्सने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं म्हणूनच ना? नकाशात एका बेटाला पोबासूचं नावही दिलंय त्याने.

सुकटबोंबील : दिलं ना. एका छोट्याशा बेटाला. ते ज्या बेटांच्या रांगेत आहे, तिला नाव ईस्ट इंडिया कंपनीचं.