वही म्हणजे पुरावा नाही का? रोखीत कमावणाऱ्याने कोर्टात कमाई दाखवायची तरी कशी

कळव्याची_ताई
माझा मोठा भाऊ अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बनवून बसवायचा, वीस वर्षं तोच धंदा. घोडबंदर रोडला डंपरने मागून ठोकलं, उजव्या कोपराचा चुरा झाला, नस गेली, आता ड्रिल मशीन हातात धरवत नाही. ठाण्याच्या मोटार अपघात ट्रिब्युनलला क्लेम टाकलाय. परवा उलटतपासणी होती. विमा कंपनीच्या वकिलाने तीनच गोष्टी विचारल्या, रिटर्न भरता का, बिलबुक आहे का, बँकेत पैसे का दिसत नाहीत. दादा तिन्हीला नाही म्हणाला आणि खाली बघत उभा राहिला.

महिन्याला तीस हजार सुटायचे त्याला, आख्ख्या गल्लीला माहितीये. पण आमचे वकील म्हणतात कोर्ट किमान वेतन बघून बाराच्या आसपास धरेल. आता हिशोब बघा. अपघाताच्या वेळी वय ३८ म्हणून मल्टिप्लायर १५ (म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे जितक्याने गुणतात तो आकडा), स्वतःचा धंदा आणि चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के, सर्टिफिकेटवर अपंगत्व ३५ टक्के. १२ हजाराने येतात १०,५८,४००. ३० हजाराने येतात २६,४६,०००. माणूस तोच, हात तोच, आणि फरक जवळपास सोळा लाखांचा, तोही फक्त कागद नाही म्हणून. ज्या धंद्यात कागद कधी नव्हताच तिथे तो मागणं मला अन्याय वाटतो.

ऐरोलीकर
ताई, दादाबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण तुमचं म्हणणं पटलं नाही. रिटर्न भरायच्या वेळी उत्पन्न दाखवायचं नाही आणि भरपाई मागताना तीस हजार सांगायचं, हे दोन्ही कसं चालेल? मी नोकरदार आहे, माझा पैनपै फॉर्म १६ मध्ये दिसतो. तोंडी सांगण्यावर कोर्ट पैसे देऊ लागलं तर उद्या प्रत्येक जण पन्नास हजार सांगेल. शेवटी तो पैसा येतो कुठून, तर तुमच्या माझ्या थर्ड पार्टी प्रीमियममधूनच ना.

कळव्याची_ताई
महिना तीस म्हणजे वर्षाला ३,६०,०००. पाच लाखांपर्यंत रिबेट मिळून टॅक्स शून्यच होत होता. म्हणजे सरकारचा एक रुपया बुडवला नाही त्याने. रिटर्न भरायला हवं होतं, ती चूक झाली, मान्य. पण त्या चुकीची शिक्षा सोळा लाख?

ऐरोलीकर
टॅक्सचं बरोबर बोललात, तेवढं मागे घेतो. पण शिक्षा वगैरे नाही हो ती. सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्यावर असते, एवढंच.

क्लेमवाला_वाशी
मी विम्याच्या बाजूने बरीच वर्षं क्लेम तपासलेत. तीस हजार खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडे काय येतं ते ऐका. ओळखीच्या दुकानदाराच्या लेटरहेडवर पगाराचा दाखला, शिक्का नवाकोरा, आणि साक्षीला बोलावलं की मालक येतच नाही. अशा दहा केस बघितल्या की अकराव्या खऱ्या माणसावरही संशय येतो, काय करणार. एपीएमसीतल्या माथाडीचं सोपं असतं, त्याची मजुरी माथाडी बोर्डातून जाते, रेकॉर्ड मिळतं. खिडकीवाल्याचं काय बघायचं आम्ही? आणि एक कळकळीने सांगतो, आता घाईघाईने मागच्या वर्षांची रिटर्न भरू नका. अपघातानंतर भरलेल्या रिटर्नवर उलटतपासणीत पहिला घाव बसतो.

कोर्टनाक्याचा_कारकून
मी वकिलांकडे कारकून आहे, अपघाताच्याच फायली बघतो. ऐरोलीकर, जबाबदारी मागणाऱ्यावर, बरोबर, पण हा फौजदारी खटला नाही, संशयापलीकडे सिद्ध करायची गरज नसते. कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय तेवढंच बघतात. २०१४ च्या सय्यद सादिक निकालात भाजीवाल्याकडे कमाईचा कागद नव्हता तरी सुप्रीम कोर्टाने महिना ६,५०० धरले. २०२१ मध्ये अवजड गाडीच्या ड्रायव्हरच्या केसमध्ये सांगितलं की किमान वेतन हे मोजमाप होऊ शकतं, पण तीच शेवटची रेघ नाही. कोर्ट अंदाज करतं, फक्त अंदाजाला टेकू लागतो. तो कुठून आणायचा? अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन, काचा, रबर ज्या दुकानातून घ्यायचा त्या दुकानदाराच्या वहीत उधारी असेलच, तो साक्षीला येऊ शकतो. एखाद्या सोसायटीने चेक दिला असेल. दोन-तीन गिऱ्हाईकं येऊन सांगतील की आमच्या घरी यांनीच खिडक्या बसवल्या, इतके घेतले.

दुसरं म्हणजे तुम्ही सगळे बारा की तीस यावर भांडताय आणि त्या ३५ टक्क्यांवर कोणी बोलतच नाही! २०११ च्या राजकुमार निकालात स्पष्ट आहे, शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान एक नाही. डावा हात गेला तर सुताराचं जवळपास सगळंच जातं, ऑफिसातल्या क्लार्कची नोकरी टिकूही शकते, असं उदाहरणच दिलंय त्यात. दादाला ड्रिल धरता येत नसेल तर त्याचं नुकसान ३५ कसं? ७० धरलं तर बारा हजारावरसुद्धा २१,१६,८०० होतात. त्यासाठी डॉक्टरला साक्षीला आणा, नुसतं सर्टिफिकेट लावून गप्प बसू नका.

क्लेमवाला_वाशी
७० टक्क्यांना आमचा वकील सोडणार नाही. डाव्या हाताने देखरेख करता येते, माणसं ठेवून धंदा चालवता येतो, हे विचारणारच.

कोर्टनाक्याचा_कारकून
विचारू देत. माणूस ठेवला तर त्याची मजुरी दादाच्या खिशातूनच जाते, तेही नुकसानच. ताई, दादा काही लिहून ठेवायचा का?

कळव्याची_ताई
एक वही आहे, लांबट, लाल पुठ्ठ्याची. मापं लिहायचा पेन्सिलीने, साडेतीन बाय चार, दोन ट्रॅक, जाळीसकट, पुढे ठरलेली रक्कम, आगाऊ किती, बाकी किती, बिल्डिंगचं नाव. पण सही नाही शिक्का नाही, त्यामुळे आम्ही ती वकिलांना दाखवलीच नाही.

ऐरोलीकर
ही गोष्ट आधी सांगायची होती ना ताई. रोजच्या रोज लिहिलेली वही वेगळी, तोंडी आकडा वेगळा. ही लावली तर माझं फारसं म्हणणं राहत नाही.

कोर्टनाक्याचा_कारकून
उद्याच मूळ वही घेऊन वकिलांकडे जा, आर्ग्युमेंटला लागायच्या आत पुरावा परत उघडायचा अर्ज द्यायला सांगा. झेरॉक्स नको, मूळ वही. आणि काहीही खोडू नका, गिरवू नका. अपघातानंतरची पानं कोरी आहेत का?

कळव्याची_ताई
नाही, चार-पाच कामं राहिली होती ती माणूस लावून उरकली. ती पानं भाचीच्या अक्षरात आहेत. आठवीत होती तेव्हा. दादा मापं सांगायचा, ती लिहायची.

कोर्टनाक्याचा_कारकून
ती पानंही दाखवा.