मदत हवी आहे: जुन्या ट्रॅक्टरचा इनलाइन डिझेल पंप (नोझलला डिझेल दाबून देणारा), टायमिंग ८ अंश उशिरा

तीन सिलिंडरचं इंजिन आहे. गार असताना सुरू केलं की पांढरा धूर आणि मिसिंग, लोडवर ओढ कमी. नोझल तपासून बसवलेत, कॉम्प्रेशन ठीक आहे, सिस्टीममध्ये हवा नाही.

टायमिंग स्पिल पद्धतीनं (पंपातून वाहणारी डिझेलची धार कुठे थांबते ते बघून) पाहिलं. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर, दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह व स्प्रिंग काढून होल्डरवर वाकडी नळी, रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी पट्टी) फुल डिझेलवर. क्रँक फक्त चालत्या दिशेनंच फिरवला, कारण उलटा आणला की गिअरमधली ढिलाई मापात शिरते. डिझेलची धार थांबते ती फ्लायव्हीलच्या खुणेच्या ८ अंश पुढे गेल्यावर.

पंप शाफ्टच्या उलट दिशेनं फिरवून टायमिंग लवकर आणलं, पण फ्लँजचे खाचे संपले, तरी ३ अंश कमीच.

गिअरचा दात चुकला म्हणावं, तर ६० दातांच्या पंप गिअरवर एक दात म्हणजे क्रँकवर १२ अंश (पंप क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो). हिशेब जुळत नाही. मला संशय टॅपेट रोलरच्या (कॅमवर फिरून प्लंजर उचलणाऱ्या) झिजेचा आहे: प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) खाली बसला की पोर्ट (डिझेल आत येण्याचं भोक) उशिरा बंद होतं.

दोन आणि तीन नंबरचा स्पिल पंप शाफ्टच्या १२० अंशांवर येतो का, हे गाडीवरच खात्रीनं मोजता येतं का? की पंप टेस्ट बेंचवर चढवून फेजिंग (तिन्ही सिलिंडरांमधलं अंशांचं अंतर सारखं करणं) करावंच लागेल?